स्थानिक प्रश्न शेवटी

सरांच्या पंचाहत्तरीची स्मरणिका काढतोय, तिच्यात आपल्या पक्षाचा इतिहास तुम्ही लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरड्या वाळत घालत होते. फोन करणारा आमच्या पक्षाच्या युवा आघाडीचा प्रमुख होता. आता त्याची सिमेंटची एजन्सी आहे आणि दर वाक्याला तो 'मॅडम' म्हणतो. तेव्हा 'कॉम्रेड' म्हणायचा.

"मॅडम, इतिवृत्ताची वही तुमच्याजवळच आहे ना? तिच्यातून काढा दोन पानं. फक्त जरा पॉझिटिव्ह ठेवा."

तुमचं काम सोपं व्हावं म्हणून आम्ही एक कच्चा मसुदा केलाय, असं म्हणून त्यानं तो व्हॉट्सअपवर पाठवलाही. मी चष्मा लावून वाचायला घेतला. पहिल्या पानावर सर, दुसऱ्या पानावर सर, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य: 'एका सदस्येच्या वैयक्तिक महत्त्वाकांक्षेमुळे पक्षाला तडा गेला व चळवळीचे अपरिमित नुकसान झाले.'

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अरे, इतकी वर्षं झाली, पक्ष मेला, पक्षाची पाटी सरांच्या माडीवरच्या न्हाणीघराचं दार म्हणून लागली, तरी तुमचं खोटं काही मरत नाही? कुरड्या तशाच टाकून मी खाली आले. कपाटातून वही काढली. तिच्या मागच्या पुठ्ठ्यात एक चिठ्ठी आहे, ती जागेवर आहे का ते पाहिलं. होती.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा पक्ष अडीच वर्षं जगला. नाव सांगत नाही, सांगून कोणाला आठवणारही नाही. वणी, मारेगाव, झरी एवढा आमचा मुलूख. उमरखेडला चार माणसांची एक शाखा होती, आणि बोरी अरबच्या बाजारात आम्ही तीनदा सभा घेतली, तिथं कापूस विकायला आलेले लोक बैलगाडीच्या सावलीत बसून ऐकायचे आणि शेवटी 'पाणी आहे का प्यायले?' असं विचारायचे.

एका मोठ्या डाव्या पक्षातून आम्ही फुटलो होतो, आणि फुटलो ते एकाच कारणानं. स्थापनेच्या सभेत सर बोलले ते मला अजून पाठ आहे. "कोळसा वणीचा, धूळ वणीच्या नाकात, आणि पक्षाच्या बैठकीत वणीचं नाव निघत नाही. त्यांच्या बैठकीत जगाचा विचार होतो, आपल्या गल्लीचा होत नाही. म्हणून आपला पक्ष!" मंगल कार्यालय टाळ्यांनी दणाणलं होतं. मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. तेविशीतली होते, टायपिंगच्या क्लासात शिकवत होते, वडील कोर्टात कारकून. आमच्या घरात कोणी कधी घोषणा दिली नव्हती. त्या दिवशी माझा घसा बसला.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगीच? सर आयुष्यभर त्या मोठ्या पक्षाच्या बैठकांत बसलेले, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेले. त्यांनी आमच्या बैठकीची विषयपत्रिका आखली ती अशी: पहिला विषय आंतरराष्ट्रीय परिस्थिती. मग राष्ट्रीय. मग राज्य. मग विदर्भ. मग संघटना. सहावा स्थानिक प्रश्न. आणि सातवी आत्मटीका, म्हणजे प्रत्येकानं उभं राहून आपली चूक आपण सांगायची.

दर रविवारी सकाळी दहाला सरांच्या माडीवर आम्ही सतरंजीवर बसायचो. मोबाईल बंद करून पोळ्यांच्या मोठ्या डब्यात टाकायचे, डब्याला झाकण. बैठक संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, हा नियम. सर दक्षिण अमेरिकेपासून सुरुवात करायचे. विदर्भापर्यंत येता येता पायाला मुंग्या यायच्या, घरी वरण थंड व्हायचं, आणि सर घड्याळाकडे पाहून म्हणायचे, "स्थानिक प्रश्न पुढच्या बैठकीत." हे वाक्य मी त्या वहीत इतक्यांदा लिहिलंय की पुढे पुढे नुसतं 'स्था. प्र. पु. बै.' लिहायची. हसू नका. गल्लीचा विचार करायला पक्ष काढला आणि गल्ली सहाव्या नंबरावर! आणि आमच्यातल्या एकालाही, मला धरून, हे कधी खटकलं नाही.

आपाला खटकलं. आपा म्हणजे वणीच्या गॅरेज लाइनीतल्या मिस्त्रीची बायको. मिस्त्री ट्रकची इंजिनं खोलायचे आणि त्याच शेडच्या कोपऱ्यात मशीन टाकून आपा ट्रकच्या सीटची कव्हरं शिवायची. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, दणकट हाताची, तोंडाची फटकळ. पक्षाचे झेंडे तिनंच शिवले, कव्हरांतून उरलेल्या लाल रेक्झिनचे. रेक्झिनचा झेंडा फडफडत नाही, ढिम्म लोंबतो. सरांनी नाक मुरडलं तर म्हणाली, "फडफडत नाई पण पावसात फाटत बी नाई. तुमाले कोणता पायजे?"

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत ती उभी राहिली. "सर, तिकडचे लोक लय तकलीफमध्ये आहेत, मानलं. पण आमच्या लाइनीत पोरायच्या ताटात कोयसा पडून राह्यला. त्याचा नंबर कदी लागन?"

सर हसले. "आपा, स्थानिक प्रश्न शेवटी."

"शेवटी म्हंजे मी मेल्यावर काय?" असं म्हणाली, आणि बसली.

पुढच्याच आठवड्यात तिनं आमची वाट न पाहता काम सुरू केलं. खाणीतून निघणारे ट्रक उघडे धावायचे, गॅरेज लाइनीवरून जाताना कोळशाची भुकटी सगळीकडे. आपानं पंधरा-वीस बाया गोळा केल्या, घरातल्या खाटा काढल्या आणि रस्त्यावर आडव्या टाकून त्यांच्यावर बसल्या. ताडपत्री बांधा, नाही तर गाडी इथंच उभी. मीही टायपिंगचा क्लास बुडवून एका खाटेवर बसले होते. ड्रायव्हर सगळे मिस्त्रींचे गिऱ्हाईक, आपाला ओळखणारे, त्यामुळे शिव्या कमी आणि मस्करीच जास्त. एकजण म्हणाला, "आपा, खाट सरकव, जेवाले घरी जाऊ दे." आपा म्हणाली, "इथंच जेव, बस खाटेवर." तिनं खरंच त्याला भाकर दिली. तिसऱ्या दिवशी ट्रकांवर ताडपत्र्या आल्या.

अडीच वर्षांत आमच्या पक्षानं मिळवलेली गोष्ट ती एवढीच. आणि त्या आठवड्यात सर नागपूरला परिसंवादात होते! परत आल्यावर त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी वहीत लिहिलं: 'स्थानिक पातळीवर एक कृती करण्यात आली.' कोणी केली, ते नाही. मी विचारलंही नाही. मला ते तेव्हा भारदस्त वाटलं होतं, आता चीड येते.

मग नगरपरिषदेची निवडणूक लागली. गॅरेज लाइनीचा वॉर्ड बाईसाठी राखीव निघाला. दुसरं नावच नव्हतं. आपा उभी राहणार हे लाइनीनं आधी ठरवलं आणि मग आमच्या पक्षाला कळलं. आता पक्षाच्या चिन्हावर उभं राहायचं तर उमेदवाराच्या अर्जाला पक्षाचा ए-बी फॉर्म जोडावा लागतो, त्यावर पक्षाच्या अध्यक्षाचा, म्हणजे सरांचा, सही-शिक्का. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो तहसीलमध्ये निवडणुकीच्या साहेबाच्या टेबलावर पोचला पाहिजे. नाही पोचला तर माणूस अपक्ष ठरतो.

तो शेवटचा दिवस. सरांनी त्याच दिवशी दहाला बैठक लावली. का, तर ठरावाशिवाय फॉर्म देणं पक्षाच्या घटनेत बसत नाही म्हणे. सही झालेली होती, शिक्का मारलेला होता, फॉर्म सरांच्या झोळीत माझ्यापासून हातभर अंतरावर होता. फक्त ठराव व्हायचा होता. आणि ठराव सहाव्या विषयाखाली होता.

आपा सकाळपासून तहसीलच्या आवारात लिंबाखाली अर्ज घेऊन बसलेली. आम्ही माडीवर. मोबाईल पोळ्यांच्या डब्यात. सरांनी जगाला सुरुवात केली.

मी सतरंजीच्या टोकाला, दाराशी बसायची, कारण वही मांडीवर घेऊन लिहायला तिथं उजेड होता. सर राष्ट्रीय परिस्थितीत होते तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. मिस्त्री आले होते. तेलकट हात, कपाळावर घाम, तहसीलपासून सायकल हाणत आलेले. आत यायचं नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दारातूनच वाकून चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "बेटा, अर्जंट आहे. सरायले दे." मी मान हलवली. "मी खाली उभा आहो," असं म्हणून ते उतरले.

चिठ्ठी आपाच्या हातची होती, कडेला मिस्त्रींच्या अंगठ्याचा ऑइलचा डाग. 'फॉर्म पाठवा. साहेब तीनला दार लावतो म्हणते. मिस्त्रीजवळ द्या. दोन वाजत आले.'

मी हात वर केला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला कागदही पाहिला. आणि तळहात असा दाखवला, थांब म्हणून. "स्थानिक प्रश्न शेवटी," म्हणाले, आणि पुन्हा राष्ट्राकडे वळले.

आणि मी हात खाली घेतला. चिठ्ठी वहीखाली ठेवली आणि पुढचं लिहायला लागले. कोणी माझा हात धरला नव्हता, तोंडावर पट्टी नव्हती. मला ओरडता आलं असतं. झोळीतून फॉर्म ओढून जिना उतरता आला असता, मिस्त्री खाली उभेच होते. मी नियम पाळला! बह्याड कुठली! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

विदर्भाच्या विषयात तीन वाजले. कोणीतरी म्हणालं, "अरे, फॉर्म!" मग एकच धावपळ, डब्याचं झाकण उघडेना, चपला सापडेनात. म्हणतात ना, बैल गेला आणि झोपा केला. आम्ही तहसीलला पोचलो तर दार बंद आणि आपा लिंबाखाली. तिनं पावणेतीनला अर्ज दिला होता. अपक्षाला पाच सूचक लागतात, त्यांच्या सह्या तिनं आधीच घेऊन ठेवल्या होत्या, म्हणून अर्ज वाचला, पण फॉर्म नाही म्हणून ती अपक्ष ठरली. तिनं आमच्याकडे पाहिलं. मिस्त्री माझ्याकडे पाहत होते. मी सरांच्या मागे उभी राहिले.

पुढच्या रविवारी पहिल्यांदाच विषयपत्रिका बदलली. स्थानिक प्रश्न पहिला आला! आपाला बोलावलंही नाही. सर म्हणाले, ठरावाची वाट न पाहता अपक्ष अर्ज भरला, हा शिस्तभंग, आपाला पक्षातून काढायचं. कोणीतरी पुढे केल्याशिवाय बाई असं धाडस करत नाही, कोळशाच्या ठेकेदारांचा हात असणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मग ते माझ्याकडे वळले आणि सावकाश, शब्द तोडून तोडून सांगू लागले. "लिहा. उमेदवाराकडून बैठकीस कोणताही निरोप आला नाही." त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. मी लिहिलं. त्यानंतर आत्मटीका झाली. सर म्हणाले, माझा अभ्यास कमी पडतो. मी म्हणाले, माझं अक्षर सुधारलं पाहिजे.

त्याच मजकुराचं पत्रक निघालं. टाइप मीच केलं. 'ठेकेदारांच्या हातचे बाहुले' हे शब्द माझ्या बोटांनी उमटलेत. ते पत्रक गॅरेज लाइनीत घरोघर वाटलं गेलं.

मिस्त्री सांगत फिरले, "चिठ्ठी मी सोता नेली, टायपिंगवाल्या पोरीच्या हातात देली." मिस्त्री म्हणजे शब्दाचा माणूस. चारला गाडी देतो म्हटलं की चारला चावी हातात. लाइनीतले लोक गोंधळले. शेवटी त्यांच्या शेजारच्या शेडमधले वेल्डर, सगळ्या लाइनीचे चाचा, माझ्या क्लासच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "बेटी, खरं सांग. मिस्त्रीनं तुले चिठ्ठी देली का?"

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. चाचा "ठीक आहे" म्हणाले आणि गेले. कारकुनाची शिकलेली मुलगी, छापील पत्रक, एकीकडे आम्ही आणि दुसरीकडे ऑइलनं काळा झालेला एक माणूस. लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवला. आपा पडली. मिस्त्री बायकोसाठी खोटं बोलतात, असं लाइनीत झालं. ज्याचा शब्द खोटा त्याच्याकडे इंजिन कोण सोडणार? वर्षभरात शेडला कुलूप लागलं आणि ते दोघं उमरखेडला आपाच्या भावाकडे गेले.

पक्ष पुढे सहा महिने टिकला. आपा गेल्यावर गॅरेज लाइन आली नाही, लाइन नाही म्हटल्यावर बाया आल्या नाहीत. शेवटच्या बैठकीला पाच जण होते आणि दोन तास जगावर चर्चा झाली. माझं लग्न झालं, क्लास बंद पडला, कॉम्प्युटर आले, मुलं झाली. वही माझ्या कपाटात राहिली.

तर हा इतिहास. आणि तो मसुदा म्हणतो, वैयक्तिक महत्त्वाकांक्षा!

मसुदा वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळची यवतमाळची एसटी धरली, तिथून उमरखेडची. दिवस गेला. वाटेत चारदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. उमरखेड स्टँडवर सीट कव्हर शिवणाऱ्या बाईचं दुकान विचारलं तर रसवंतीवाल्यानं बोट दाखवलं.

आपा मशीनवर होती. केस पांढरे, हात तेच. मला पाहिलं, पायडल थांबवलं नाही.

"काय वं टायपिंगवाली. लय दिवसानं."

मी पर्समधून चिठ्ठी काढून मशीनवर ठेवली. आता तिनं पाय थांबवला. चिठ्ठी उचलली नाही, नुसती पाहिली. मग त्या ऑइलच्या डागावर बोट ठेवलं.

"मिस्त्री?" मी विचारलं.

"गेले. पाच वर्सं झाले." बोट तिथंच होतं. "शेवटी बिमार होते तवा कोणी भेटाले आलं का सांगे, 'म्या चिठ्ठी देल्ली होती बरं का.' इथल्या लोकायले काय मालूम कोणती चिठ्ठी? ते हाव हाव म्हणत."

मी रडायला लागले. आपा कडाडली, "रडू नको. रडाले इतक्या दूर आली काय?"

पाणी पिऊन मी विचारलं, "आपा, तू तेव्हा माझ्या घरी का नाही आलीस? माझ्या वडिलांसमोर उभी राहिली असतीस तर मी खोटं बोलू शकले नसते."

"हे निंगले होते. म्हणत, चाल, तिच्या बापासमोर विचारतो. म्याच थांबोलं." आपानं चिठ्ठी उचलून माझ्यापुढं सरकवली. "म्हटलं, मले तर काढलंच. हिनं कबूल केलं तर हिले बी काढतीन. मंग त्या माडीवर एक बी बाई राहणार नाई. एक गेली, एक तरी राहो. कदी ना कदी बोलन." मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू राह्यली ना मंग? काय केलं तिथं?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "इतिवृत्त लिहिलं."

आपानं अर्धवट राहिलेलं कव्हर सरळ केलं. तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. निघताना मी म्हणाले, सरांचा सत्कार आहे, मी तिथं सगळ्यांसमोर सांगते, तू ये. ती म्हणाली, "मी कायले येऊ? मले मालूमच आहे. तू सांग. माह्यासाठी नको सांगू. मिस्त्री खोटं बोलले नाई, एवढं सांग."

सत्कार त्याच मंगल कार्यालयात झाला. हार, शाल, श्रीफळ. सरांना खुर्चीतून उठवत नव्हतं. मला मनोगतासाठी तीन मिनिटं होती. मी माईक घेतला आणि म्हणाले, "आपल्या पक्षात शेवटी आत्मटीका असायची. माझी राहिली आहे." आणि चिठ्ठी वाचली. कोणी दिली, कोणाच्या हातात दिली, सरांनी काय केलं, मी काय केलं, वहीत काय लिहिलं, सगळं सांगितलं. आवाज चढलेला होता, आणि मी तो उतरू दिला नाही. समोर प्राध्यापक, वकील, एजन्सीवाले, निवृत्त अधिकारी.

सरांनी आपल्यापुढचा माईक ओढला. म्हातारा आवाज, पण वाक्य तेच. "हे आता नको. हा स्थानिक प्रश्न आहे, आपण शेवटी घेऊ."

"शेवटच आहे हा, सर," मी म्हणाले. "पक्ष मेला, मिस्त्री मेले. आता कशाची वाट पाहता?"

युवा आघाडीनं माझा माईक बंद केला. पण तोवर माझं सांगून झालं होतं. बाहेर आले, चपला घातल्या आणि तिथूनच आपाला फोन लावला. अंगात आनंद मावत नव्हता, खोटं कशाला बोलू?

"आपा, सांगितलं! भर सभेत सांगितलं!"

"लाइनीतले होते का?"

"कोण?"

"गॅरेज लाइनीतले. चाचा होते का? मिस्त्री लोक होते का?"

मी मागे वळून कार्यालयाकडे पाहिलं. नव्हते. एकही नव्हता. कोण बोलावणार त्यांना? मलाही सुचलं नव्हतं.

"नव्हते," मी म्हणाले.

"मंग कोणाले सांगतलं?" आपा म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी गॅरेज लाइनीत गेले. मिस्त्रींच्या शेडमध्ये आता टायरचं दुकान आहे. शेजारी चाचांचं वेल्डिंग अजून आहे, काम नातू करतो, चाचा खाटेवर बसून असतात. मी समोर उभी राहिले. नातवानं मशीन बंद केलं. पलीकडच्या शेडमधले दोघं-तिघं हात पुसत आले. माईक नव्हता, तेच बरं होतं.

"चाचा, मी टायपिंगवाली. तुम्ही मला एक विचारलं होतं. मिस्त्रींनी मला चिठ्ठी दिली होती. माझ्या हातात. मी खोटं बोलले. मिस्त्री खरं बोलत होते."

चाचांना कमी ऐकू येतं. मला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. सगळ्या लाइनीनं ऐकलं. चाचांनी हात पुढे केला, मी चिठ्ठी दिली. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी नुसता तो डाग पाहिला, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी त्याच्या मयतीले नाई गेलतो," ते म्हणाले. "उमरखेडहून सांगावा आला होता. म्हटलं, खोट्या माणसाच्या मयतीले कायले जाऊ?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आन् तू आता सांगून राह्यली?"